सातबाऱ्याचे न दिसणारे मोर्तब



सातबारा उतारा हा आपल्या घरातला सर्वांत जपलेला कागद. दागिना एखादे वेळी गहाण पडतो. पण सातबारा पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वाघोलीत तर त्याचे मोल फारच वाढले आहे. ३० जून २०२१ रोजी आणखी बावीस गावांबरोबर हे गाव पुणे महापालिकेत गेले. जिथे एकेकाळी एकराने बोलत, तिथे आज लोक गुंठ्याने आणि चौरस फुटाने बोलतात. अशा ठिकाणी उताऱ्यावरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर एका घराचे नशीब फिरते.

आणि नेमका हाच कागद आता बदलला आहे. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. आज तो महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो. त्यावर तलाठ्याची शाईची सही नसते आणि गोल शिक्काही नसतो. म्हणून गावोगाव वडीलधारी मंडळी एकच प्रश्न विचारतात : "साहेब, सही नाही, शिक्का नाही, मग हा कागद खरा कशावरून? उद्या कुणी संगणकावर बसून माझ्या एक हेक्टर पंचेचाळीस आरचे एक हेक्टर पस्तीस आर केले, तर कळणार कसे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर 'हॅश' नावाच्या गणितात आहे. नाव परके असले तरी त्याचे बीज आपल्या जुन्या शाळेतलेच आहे. ते समजून घेऊ.

आजोबांचा ताळा

जुन्या शाळेत गुणाकार झाला की गुरुजी म्हणत, "ताळा पाहा." आकड्यातले अंक मिळवत जायचे आणि एकच अंक उरेपर्यंत थांबायचे नाही. हा नवाचा ताळा. समजा २३ गुणिले १४ बरोबर ३२२. तेवीसचा ताळा २ आणि ३ मिळून ५. चौदाचा १ आणि ४ मिळून ५. पाचा पाचा पंचवीस, त्याचा ताळा ७. आता ३२२ चे अंक मिळवा : ३, २ आणि २ मिळून ७. ताळा जुळला. उत्तर ३२३ लिहिले असते तर ताळा ८ आला असता आणि चूक उघडी पडली असती.

या युक्तीची गंमत पाहा. हिशेब कितीही मोठा असो, त्याची खूण एका अंकात मावते. खूण जुळली नाही, तर कुठेतरी बदल झाला आहे हे नक्की. हॅशही हेच करतो. मोठ्या मजकुराची एक लहान, ठरावीक लांबीची खूण काढतो.

पण ताळ्याला एक मोठी फट आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र १.४५ आहे. अंक मिळवा : १, ४, ५ मिळून १०, म्हणजे ताळा १. आता कुणी लबाडाने १.४५ चे १.५४ केले. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. ताळा पुन्हा १. नऊ आर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे, कागदावर वाढले आणि ताळ्याला पत्ताही लागला नाही. गट नंबर १२७ चा १७२ केला तरी तेच.

भोळी चूक आणि लबाडी

ही फट बुजवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. आधार क्रमांकाचे बारा अंक घ्या. त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली ही रीत काढली. लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती चूक हमखास पकडली जाते. म्हणजे आपल्या ताळ्यापेक्षा ही रीत बरीच पुढची.

पण तीही भोळ्या चुकीसाठीच आहे. कुणी जाणूनबुजून अकरा अंक मनाचे घेतले आणि त्याच रीतीने बारावा अंक काढला, तर रीत तक्रार करणार नाही. फरक इथे लक्षात घ्या. हात घसरून होणारी चूक आंधळी असते, लबाडी डोळस असते. लबाड माणूस ताळा कसा काढतात हे शिकून येतो आणि ताळा जुळेल असाच बदल करतो. म्हणून जमिनीच्या कागदाला असा ताळा हवा, की जो लबाडाला पूर्ण माहीत असूनही त्याच्या कामी येणार नाही. अशा ताळ्याला सुरक्षित हॅश म्हणतात.

हॅश कसा निघतो

आज सर्वाधिक वापरातल्या हॅशचे नाव आहे शा-२५६. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके संस्थेने तो २००१ मध्ये जगापुढे मांडला. नावातला २५६ म्हणजे त्याच्या खुणेची लांबी. संगणकाला फक्त एक आणि शून्य कळतात. त्यांच्या एकेका घराला बिट म्हणतात. शा-२५६ ची खूण अशा २५६ घरांची असते. माणसाला वाचता यावी म्हणून ती ६४ अक्षरांत लिहितात. एका ओळीची चिठ्ठी असो की सगळ्या तालुक्याचे दप्तर, खूण ६४ अक्षरांचीच.

आत काय चालते? मजकुराचे ५१२ बिटांचे तुकडे पाडतात. पहिला तुकडा घेऊन त्याला ६४ फेऱ्या घुसळतात. प्रत्येक फेरीत बिटे सरकवायची, एकमेकांत मिसळायची, बेरजा करायच्या. त्यातून जे निघते ते दुसऱ्या तुकड्याच्या घुसळणीत घालतात. दुसऱ्याचे तिसऱ्यात. शेवटच्या तुकड्यानंतर जे हाती येते तो हॅश.

ही साखळीची कल्पना आपल्याला नवी नाही. वाघोलीत पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे. त्यांच्या काळातले मोडी कागद पाहिलेत, तर लांब मजकुरासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवलेले दिसतात. त्या जोडांवर मागच्या बाजूने शिक्के मारत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद काढून दुसरा घातला, तर शिक्का जुळणार नाही. मजकूर संपला की शेवटी मोर्तब उठवत, म्हणजे पुढे कुणी ओळ वाढवू नये. आजही गोष्ट पक्की झाली की आपण 'शिक्कामोर्तब झाले' म्हणतो, ते यावरूनच. हॅशमध्ये एका तुकड्याचे फलित पुढच्यात जाते, ते या जोडशिक्क्याचेच काम करते. मधला एक ठिपका बदलला, तरी शेवटचे मोर्तब फिरते.

आणि फिरते ते थोडेथोडके नाही. १.४५ चे १.५४ केले, तर नव्या हॅशमध्ये २५६ पैकी सरासरीने निम्मी घरे उलटतात. जुन्या आणि नव्या खुणेत काही साम्य उरत नाही. त्यामुळे लबाडाला 'थोडा बदल करू, खूण थोडी सरकेल, मग पुन्हा जागेवर आणू' असे करता येत नाही. त्याला वाटच दिसत नाही.

कायदा काय मागतो

आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात हॅश म्हणजे काय हे चक्क लिहिलेले आहे. त्याचा सारांश असा : तोच मजकूर दिला की दर वेळी तीच खूण आली पाहिजे. खुणेवरून मूळ मजकूर परत काढणे संगणकालाही अशक्यप्राय असले पाहिजे. आणि दोन वेगळ्या मजकुरांची एकच खूण निघणेही तसेच अशक्यप्राय असले पाहिजे.

चाणाक्ष वाचक विचारेल : मजकूर तर अगणित, खुणा मात्र ठरावीक. मग कुठेतरी दोन मजकुरांची खूण एक असणारच की! बरोबर आहे. अशा जोड्या असतातच. प्रश्न असा आहे, की त्या कुणाला सापडतात का? सुरक्षितता आहे ती या न सापडण्यात.

बुद्धिबळाच्या पटावरचे गहू

न सापडण्याचा अंदाज यावा म्हणून जुनी गोष्ट आठवा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरू. या हिशेबाने पटावर सुमारे ७३,८०० कोटी टन गहू लागेल. भारतात वर्षाला साधारण ११ कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सगळ्या देशाने सहा हजारांहून अधिक वर्षे गहू पिकवून तो नुसता पटावर ओतायचा.

ही झाली चौसष्ट घरांची गोष्ट. शा-२५६ ची घरे आहेत २५६, आणि प्रत्येक घराला दुप्पट. शक्य खुणांची संख्या लिहायला ७८ आकडे लागतात. तुमच्या सातबाऱ्याच्या खुणेशी जुळेल असा खोटा उतारा अंदाजाने शोधायला बसणाऱ्याचे हे काम आहे.

तेवीस माणसांची गोष्ट

मात्र लबाडाला दुसरी वाटही आहे, आणि ती जवळची आहे. पारावर तेवीस माणसे बसली आहेत. त्यांत कुठल्यातरी दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता किती? पटणार नाही, पण निम्म्याहून जास्त. उलट नेमका तुमचाच जन्मदिवस असलेला दुसरा माणूस भेटण्याची तेवढीच शक्यता हवी असेल, तर २५३ माणसे गोळा करावी लागतील. विशिष्ट जोडीदार शोधणे अवघड, कुठलीही एक जोडी शोधणे फार सोपे.

याचा तोटा कसा होतो पाहा. लबाड आधीच दोन कागद तयार करतो. एक एका वर्षाच्या खंडाने जमीन देण्याचा, दुसरा खरेदीखताचा. दोन्हींत स्वल्पविराम, मोकळ्या जागा असले निरुपद्रवी बदल करत राहतो, दोघांची खूण एक येईपर्यंत. मग तुमच्याकडून खंडाच्या कागदावर डिजिटल सही घेतो. सही प्रत्यक्षात खुणेवर असते. खूण तीच, म्हणून ती सही खरेदीखतालाही तंतोतंत बसते!

या वाटेने २५६ घरांचे बळ निम्म्यावर, १२८ घरांवर येते. म्हणूनच खूण इतकी लांब ठेवली आहे. १२८ घरेही आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरच आहेत.

कल्याण सोना आणि तांबेरा

तुम्ही म्हणाल, हॅश कधी मोडलाच नाही का? मोडला आहे. शेतीतले उदाहरण देतो. कल्याण सोना गव्हाने हरितक्रांतीत देशाची कोठारे भरली. पण १९७० च्या दशकात तो तांबेऱ्याला बळी पडू लागला. वाण तोच होता, रोगाने नवी वाट शोधली होती. हॅशचेही तसेच होते.

१९९१ साली रिव्हेस्ट या अमेरिकी गणितज्ञाने तयार केलेला एमडी-५ हा हॅश जगभर चालला. २००४ मध्ये वांग शियाओयुन या चिनी गणितज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच खुणेचे दोन मजकूर काढून दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याहून दणकट समजल्या जाणाऱ्या शा-१ मधली फटही कागदावर मांडली. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमची एक गणित संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ खूण असलेल्या दोन वेगळ्या फायली जगापुढे ठेवल्या. त्यासाठी किती वेळा हॅश काढावा लागला? आपल्या पटाच्या एकट्या चौसष्टाव्या घरात जेवढे दाणे, साधारण तेवढ्या वेळा. जे घर भरणे अशक्य वाटत होते, ते संगणकांच्या फौजेने भरले.

यातून धडा काय? नवे वाण आपण एका वर्षाच्या पिकावर भुलून घेत नाही. अनेक ठिकाणी, अनेक हंगाम चाचण्या होतात, मग शिफारस होते. हॅशची कृतीही गुप्त नसते, ती चावडीवर मांडलेली असते. जगभरचे गणिती वर्षानुवर्षे ती मोडायला बसतात. शा-२५६ वर असे वीस वर्षांहून अधिक हंगाम गेले आहेत आणि तो उभा आहे. तो कधीच मोडणार नाही असा दाखला कुणी देऊ शकत नाही. म्हणूनच पुढचे वाण तयार ठेवले आहे : अगदी वेगळ्या घडणीचा शा-३, जगभरातून स्पर्धा घेऊन निवडलेला आणि २०१५ मध्ये मानक ठरलेला. आपल्या देशात डिजिटल स्वाक्षऱ्यांसाठी शा-१ बाजूला सारून शा-२५६ कडे वळण्याचे पाऊल २०१२ सालीच टाकले गेले, म्हणजे २०१७ ची घटना घडण्याच्या पाच वर्षे आधी. वरातीमागून घोडे नाचवले नाही, हे बरे झाले.

मग सही कुठे आहे?

नुसता हॅश पुरत नाही. लबाड उतारा बदलून नव्या उताऱ्याचा नवा हॅश काढू शकेल. म्हणून त्या खुणेवर अधिकाऱ्याची किल्ली फिरवतात. डिजिटल स्वाक्षरीला दोन किल्ल्या असतात. एक फक्त सही करणाऱ्याकडे, दुसरी सर्वांसाठी खुली. पहिलीने बंद केलेली खूण दुसरीने कुणालाही पडताळता येते, पण दुसरीने नवी सही करता येत नाही. बँकेचा संगणक उताऱ्याच्या फायलीचा हॅश स्वतः काढतो, सहीतली खूण उघडतो, आणि दोन्ही ताडून पाहतो. जुळल्या तर कागद जसाच्या तसा आहे.

म्हणजे मोर्तब आहे, पण ते फाइलीत आहे. शाईत नाही, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

तुम्ही काय करायचे

एवढे समजले की सावधगिरीच्या गोष्टी आपोआप सुचतात. त्या एकत्र सांगतो.

पहिली गोष्ट : महाभूलेखावर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी आहे. कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्या.

दुसरी : छापलेल्या कागदात किंवा त्याच्या झेरॉक्समध्ये हॅश नसतो. कागदावरचा आकडा कुणीही बदलून पुन्हा छापू शकतो. म्हणून समोरच्याने हातात दिलेल्या किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या उताऱ्यावर इसाराचा एक रुपयाही देऊ नका. उताऱ्याच्या तळाशी पडताळणीचा क्रमांक छापलेला असतो. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाका आणि समोर आलेला उतारा ओळ न् ओळ जुळवा. नाहीतर १५ रुपये भरून स्वतःच नवा उतारा काढा. नऊ गुंठ्यांपुढे १५ रुपये ते काय!

तिसरी : हॅश 'बदल झाला नाही' एवढेच सांगतो, 'नोंद खरी आहे' असे सांगत नाही. चुकीच्या नोंदीवरही मोर्तब तेवढेच पक्के बसते. तेव्हा नाव, क्षेत्र, इतर हक्क आणि फेरफार क्रमांक डोळ्यांखालून घाला. लिहिण्यातली चूक असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

चौथी : सोसायटीचे सचिव, सरपंच आणि शेतकरी कंपनीचे संचालक यांच्यासाठी. तुमच्या डिजिटल सहीचा डोंगल आणि त्याचा पासवर्ड संगणक चालवणाऱ्या पोराकडे ठेवून जाऊ नका. ते कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून देण्यासारखे आहे. किल्लीच दिली, तर हॅश बिचारा काय करणार?

पाचवी : बांधाचा वाद, पिकाची नासाडी, धमकीचा फोन यांचे चित्रीकरण किंवा आवाज तुमच्या मोबाइलमध्ये असेल, तर मूळ फाइल जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात अशा पुराव्याचा हॅश लिहावा लागतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. डोळ्याला फोटो तोच दिसतो, पण फाइल बदलते आणि हॅशही बदलतो. त्यामुळे फोन विकण्यापूर्वी किंवा साफ करण्यापूर्वी वकिलांना विचारा. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी-५ आणि शा-१ ची नावेही आहेत. त्यांच्या फटी वर पाहिल्याच. तुम्ही शा-२५६ चा आग्रह धरा.

घरात शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर या आठवड्यात एक काम त्यांना सांगा. आपल्या गटाचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढायचा, पडताळणी क्रमांक टाकून पाहायचा, आणि पेटीतल्या जुन्या उताऱ्याशी आकडे ताडायचे. छापलेली प्रत खुशाल पेटीत ठेवा. पण फाइलही जपून ठेवा, कारण मोर्तब तिच्यात आहे.